एक धागा तोडून बघायचा

आमच्या बाथरूममध्ये बसलेल्या माणसाला अधूनमधून हात हलवावे लागतात, नाहीतर दिवा जातो. माझ्या नवऱ्याने घरभर असे डोळे बसवलेत. माणूस हलला की दिवा लागतो, हलायचा थांबला की विझतो. ऊन चढलं की पडदे आपापले बंद होतात, गिझर स्वतःच्या मर्जीने तापतो. एकदा सुट्टीच्या दिवशी मी सोफ्यावर पुस्तक घेऊन निवांत पडले होते, तर घराने मला मेलेली समजून अंधार केला. मी चिडले. नवरा म्हणाला, "अगं, मधूनमधून मान हलवायची." लग्न झाल्यापासून मी याच्यापुढे मान हलवतेच आहे, आता भिंतीपुढेही हलवायची!

त्याचं कामच ते होतं. कारखान्या-कारखान्यांत जाऊन तो यंत्रांना असे डोळे-कान लावून द्यायचा. यंत्र तापलं, थरथरलं, आजारी पडायला आलं की ते स्वतःच कळवायचं आणि मग हा जाऊन बघायचा. आमच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र कित्येक महिने गळतोय, कारण तो बिचारा काही कळवत नाही.

हे वेड त्याला घरातूनच मिळालं. माझ्या सासूबाई कापडगिरणीत मागावर होत्या आणि सासरे तिथेच फिटर. मागांच्या त्या खडखडाटात सासूबाईंचे कान हळूहळू गेले. तसे ते तिथल्या सगळ्याच बायकांचे गेले. त्या खात्यात कितीही ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, म्हणून सगळ्या नुसत्या ओठांनी बोलायच्या. आवाज नाही, ओठ मात्र मोठे आणि सावकाश. सासूबाई घरीही तशाच बोलत राहिल्या आणि पोरंही तेच शिकली. मी सून म्हणून आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, हे लोक माझ्यामागे माझ्याबद्दल कुजबुजतात. आता मीही पटाईत झाले आहे. आमची भांडणंसुद्धा बिनआवाजी होतात, आणि शेजाऱ्यांना वाटतं, काय गुणी जोडपं आहे.

गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली. सासरे गेले. सासूबाई मात्र गिरणीसमोरच्या चाळीतल्या दोन खोल्या सोडायला तयार नव्हत्या. खाली एका शिंप्याचं दुकान, वर या. खिडकीत खुर्ची टाकून त्या समोरच्या बंद गिरणीकडे बघत बसत. खरं सांगायचं तर त्या आमच्या घरी येऊन राहाव्यात असं मलाही फारसं वाटत नव्हतं, आणि माझ्या हाताखाली राहावं असं त्यांनाही वाटत नव्हतं. म्हणून तर आमचं इतकं छान जमत होतं.

मग एक दिवस दूध उतू गेलं, जळलं, पातेलं काळंठिक्कर पडलं, आणि सासूबाई खिडकीत पाठमोऱ्या. धूर जिन्यात आला तेव्हा खालच्या शिंप्याने दार बडवलं. बहिऱ्या माणसाचं दार बडवून काय उपयोग! शेवटी त्याने कडी उचकटली. त्याच दिवशी माझ्या नणंदेचा फोन आला. ती माझ्या नवऱ्याहून मोठी, दुसऱ्या गावी शाळेत मुख्याध्यापिका, आणि फोनवरसुद्धा हातात पट्टी घेऊन बोलते.

"आता पुरे," ती म्हणाली. "आईला तुमच्याकडे घेऊन जा."

"ताई, तिला तिथून उपटलं तर ती वाळेल गं," नवरा म्हणाला. "मी काहीतरी करतो. मला थोडा वेळ दे."

"दिला. पण परत काही झालं तर आई तुझ्याकडे. मग चर्चा नाही."

त्याने जे काही केलं ती एक छोटी पांढरी पेटी होती, आणि खोल्यांच्या कोपऱ्यांत आमच्या घरासारखेच डोळे. गॅस विसरला तर तो बंद करायची सोयही होती. सासूबाईंनी पेटी उलटीपालटी करून बघितली.

"हे काय करतं?" त्यांनी ओठांनी विचारलं.

"तू हलत असलीस तर गप्प बसतं," नवरा म्हणाला, तोही ओठांनीच. "बराच वेळ घरात काहीच हललं नाही, तर मला हाक मारतं. मी नाही सापडलो तर ताईला."

त्या जरा विचारात पडल्या आणि मग त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे पट्टी!"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला खाली बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांचे आजोबा हातमागावर विणायचे. कापडाचा पन्हा रुंद असला की मागावर दोन माणसं लागायची, एक इकडून आडव्या धाग्याचा धोटा फेकणार, दुसरा तिकडून झेलणार. आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ समोरासमोर बसायचे. मग कुणीतरी धोट्याला दोरी लावली. एकाच माणसाने दोरीला हिसका द्यायचा, धोटा आपला पळत जातो आणि पळत येतो. "भावाचा पाट रिकामा झाला," सासूबाई म्हणाल्या. "आजोबा म्हणायचे, कापड दुप्पट झालं पण गप्पा मारायला कोणी उरलं नाही." मग वाफेवरचे माग आले, मग विजेवरचे. नक्षीच्या मागावर एक जण वर बसून दोऱ्या ओढायचा, त्याला सगळी फुलं तोंडपाठ असायची. मग भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं आली. जिथे भोक तिथे धागा उचलला जाणार, जिथे नाही तिथे नाही. फुलं पाठ असलेला घरी बसला आणि भोकं पाडणारा कामाला लागला.

"आई, त्याच भोकांतून पुढे कॉम्प्युटर निघाला," नवऱ्याने हौसेने मध्ये तोंड घातलं. "भोक आहे किंवा नाही, बस्स, सगळा हिशोब एवढाच. तुझ्या गिरणीच्या पोटात माझं सगळं शिक्षण होतं."

"तुझं शिक्षण तिच्या पोटात आणि तिचा आवाज माझ्या कानात," त्या म्हणाल्या. "बरी वाटणी झाली."

पट्टी आली ती त्यांच्या काळात. आधी एक धागा तुटला तरी माग तसाच धावत राहायचा आणि कापडात चीर पडत जायची. म्हणून विणकरणीने डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. मग प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पट्टी टांगलेले माग आले. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी अधांतरी. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. गिरणीत इतकी यंत्रं आली, पण स्वतःहून थांबणारं यंत्र बघून सासूबाई पहिल्या दिवशी चकित झाल्या होत्या.

"म्हणजे मी धागा," त्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "कळलं मला. ठेव तिथे." आणि त्यांनी पेटीचं नाव मुकादम ठेवलं, कारण गिरणीतला मुकादमही काही न करता बसून दुसरा हलतोय का एवढंच बघायचा.

आठवडाभर सगळं शांत होतं. मग एका सकाळी नवरा कुठल्याशा कारखान्यात साहेबांबरोबर बसलेला असताना मुकादमाने हाक मारली. हा सगळं टाकून स्कूटरवरून शहराच्या त्या टोकाला गेला, धापा टाकत जिना चढला. सासूबाई खिडकीतल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या होत्या.

"आलास?" त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "बरं झालं. चहा टाकते."

त्याने पेटी उघडून बघितली. काहीही बिघाड नव्हता. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. प्रत्येक वेळी हा जीव मुठीत धरून जाणार आणि प्रत्येक वेळी त्या खुर्चीत, हसतमुख, चहा तयार. "यंत्र चुकत नाहीये," तो मला म्हणाला. "आई खरंच हलत नाही. एवढा एवढा वेळ नुसती बसून राहते." डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं, "बाई ठणठणीत आहेत. रक्तदाब तुमचा वाढलाय." नणंदेला हे पटलं नाही. म्हातारं माणूस असं थिजून बसायला लागलं म्हणजे डोकं चालेनासं झालं, तिने निकाल देऊन टाकला. महिना संपला की ती स्वतः येऊन आईचं सामान बांधणार होती.

कामावरही याची शोभा व्हायला लागली. साहेबांनी चारचौघांत विचारलं, "आधी आईचं यंत्र नीट करता का, मग आमची बघा?" त्या संध्याकाळी तो सासूबाईंकडे जाऊन आला आणि जेवताना ताटात बघून म्हणाला, "मी मुकादमाला जरा मंद केलंय. अर्धा दिवस काही हललं नाही तरच बोलेल आता."

"अरे, मग त्याचा उपयोग काय?" मी विचारलं.

त्याने रिकामी वाटी पुढे केली. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मी भाजी वाढली.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या नवीन काचा तयार झाल्या. ओठ वाचणाऱ्या माणसाचा चष्मा ताटकळत ठेवायचा नसतो, म्हणून मी दुपारची रजा टाकून स्वतःच घेऊन गेले. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. सासूबाई खुर्चीत होत्या. सकाळच्या चहाचं पातेलं कोरडं होतं, पोळ्यांचा डबा उघडलेलासुद्धा नव्हता. मला बघून त्या हसल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून त्यांनी मागे दाराकडे बघितलं.

"तो कुठंय?"

"कामावर," मी म्हणाले.

"मुकादमाने हाक नाही मारली?"

"नाही आई."

"सकाळपासून बसलेय मी," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले, नवा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला आणि सावकाश विचारलं, "आई, तुम्ही असं का बसता? काय होतं तुम्हाला?"

"मला काय होणार? मी धागा तोडते."

मग त्यांनी सांगितलं तेव्हा मला ते कळलं. मागाच्या पट्ट्यांमध्ये कापसाची लव अडकते. मग धागा तुटला तरी पट्टी पडत नाही, माग धावत राहतो आणि विणकरीण खुळ्यासारखी विश्वास ठेवून उभी राहते. म्हणून त्यांच्या खात्यातल्या बायकांची रीत होती: सकाळी कामाला लागण्याआधी एक धागा आपल्या हाताने तोडून बघायचा. माग थांबला तर त्या दिवसापुरता त्याच्यावर विश्वास. सासूबाई खुर्चीत न हलता बसत होत्या त्या मुकादमाला तपासायला.

हसावं की रडावं मला समजेना. तिकडे माझा नवरा लोकांची बोलणी खात होता, इकडे यांचं सामान बांधायची तयारी चालली होती, आणि बाई आपल्या धागा तोडत बसल्या होत्या!

"अहो पण आई, सांगायचं तरी!" मी जवळजवळ ओरडलेच; ओठांनीच, पण ओरडले.

"सांगून तोडलेल्या धाग्याला काय अर्थ?" त्या म्हणाल्या. मग पेटीकडे बघून, जरा बिचकत, "आज थांबला नाही. लव अडकली वाटतं."

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. त्याने काय केलंय ते मी सांगून टाकलं. त्या गिरणीच्या भिंतीकडे वळल्या.

"तुझ्या सासऱ्यांना एकदा वरून हुकूम आला होता," त्या म्हणाल्या. "माग फार थांबतात, पट्ट्यांखाली लाकडाच्या चिपा घाला. घातल्या त्यांनी. कापड चिरांचं निघालं आणि बोलणी आम्ही खाल्ली. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, ओठांनीसुद्धा नाही. पण चीप घालणारा माणूस वाईट नसतो गं. दमलेला असतो. तू त्याला बोलू नकोस."

मी बोललेच. तेवढी गुणी मी नाही. सगळं ऐकून तो आधी लालबुंद झाला, आणि मग सुट्टीच्या दिवशी सकाळीच आईकडे गेला. मीही बरोबर गेले.

"आई, अगं हे यंत्र स्वतःच स्वतःला तपासतं," त्याने समजावलं. "लव अडकायचा प्रश्नच नाही. तुला धागा तोडायची काही गरज नाही."

"स्वतःला तपासतं ना? मग उत्तमच आहे," त्या म्हणाल्या. "पण पट्टी पडली, माग थांबला, म्हणजे झालं का? गाठ मारायला कुणीतरी यावं लागतं. माझ्याकडे दोन माग होते तेव्हा मी लगेच पोचायची. पट्ट्या आल्या म्हणून दोनाचे आठ झाले, आठाचे सोळा. माग बिचारा थांबून राहायचा आणि मी दुसऱ्या टोकाला. मी पेटीला नव्हते रे तपासत. गाठ मारणारा येतो का, ते बघत होते."

"आलो की गं प्रत्येक वेळी!"

"आलास. म्हणून तर परत परत तोडत होते," त्या म्हणाल्या आणि लाजल्या.

नवऱ्याने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने नाक पुसून त्याने पेटी पुन्हा पहिल्यासारखी जागरूक केली आणि एक नवीन सोय केली. रोज चहा झाला की सासूबाईंनी पेटीवरचं बटण दाबायचं, म्हणजे धागा तोडायचा. याचा फोन थरथरणार. याने उत्तर दिलं की त्यांच्या खुर्चीजवळचा छोटा दिवा लुकलुकणार. ती गाठ. नणंद म्हणाली, "काय हा पोरखेळ!" पण सामान बांधायचं तिने पुढे ढकललं. "पुन्हा एक जरी घोटाळा झाला तर मात्र," ती म्हणाली आणि वाक्य अर्धंच सोडलं. नवऱ्याने तो दिवा कधी चुकवला नाही. साहेबांसमोर असला तरी खिशातल्या खिशात गाठ मारायचा.

आणि मग एका सकाळी मी एका गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी वाकवून बघत होते, तर दुकानाच्या दारात सासूबाई. घरातल्या सपाता, केस अर्धे बांधलेले, धाप लागलेली. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी एकटीने मोठा रस्ता ओलांडला नव्हता.

"त्याची गाठ आली नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा तोडून बघितलं."

मी फोन लावला, बंद. ऑफिसात लावला. त्याच्या जोडीदाराने उचलला आणि अडखळत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला सांगितलं नाही त्याने?" कंपनीने बाहेरून नवीन यंत्रणा घेतली होती. यंत्रं आता नुसती आजारी पडल्याचं कळवत नव्हती; काय झालंय तेही सांगत होती, लागणारा भागही स्वतःच मागवत होती. जाऊन बघणाऱ्या माणसांची गरज उरली नव्हती. सकाळी आल्या आल्या त्यांना घरी जायला सांगितलं होतं.

मी हे सासूबाईंना फुटपाथवर उभं राहून सांगितलं. त्यांनी शांतपणे माझे ओठ वाचले.

"कुठला माग आला?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"त्याच्या जागी."

"दिसत नाही असा," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि माझा हात धरला. मला वाटलं मी त्यांना रस्ता ओलांडायला मदत करतेय. अर्ध्यात गेल्यावर लक्षात आलं की त्याच मला पलीकडे नेत होत्या.

घराचं दार उघडलं तर आत अंधार. ऊन चढल्यामुळे पडदे आपापले बंद झाले होते. आम्ही पाऊल टाकलं तसा दिवा लागला, आणि सोफ्यावर पायांत बुटांसकट बसलेला माझा नवरा दिसला. किती वेळ तसा बसला होता कोण जाणे. त्याने डोळे किलकिले केले.

"आई? तू कशी आलीस?"

"रस्त्याने," त्या म्हणाल्या. "फोन का बंद?"

त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आमच्या घरात आवाजाची गरजही नव्हती. "मला काढलं, आई," त्याचे ओठ म्हणाले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि त्याच्याशेजारी बसल्या. सगळं ठीक होईल वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत. "मला काढलं त्या दिवशी मीही कुणाला सांगितलं नव्हतं. गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून बसले होते. तुझे वडील शोधत आले. बोल. काय काय झालं ते सगळं सांग."

तो सांगायला लागला. पहिल्यांदा तुटक तुटक, मग भडाभडा, नुसत्या ओठांनी. दोघंही जागचे हलत नव्हते. त्यांची नजर त्याच्या तोंडावर खिळलेली, तो पाठ टेकून निश्चल. आणि आमच्या शहाण्या घराला वाटलं, इथे कोणी नाही. दिवा गेला. अंधारात सासूबाईंचा हात, घराला कळणार नाही इतका हळू, चाचपडत त्याच्या चेहऱ्याकडे गेलेला मला पुसटसा दिसला. अंधारात त्या पुन्हा बहिऱ्या झाल्या होत्या.

मी दारातूनच हात वर करून हलवला. दिवा लागला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नणंद. "मुकादम माझ्याकडे बोंबलतोय!" ती घाबरून ओरडत होती. "भावाचा फोन बंद! आई हलत नाहीये!"

"ताई, आई हलल्यात," मी हळू आवाजात म्हणाले. "शहराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत हलल्यात. एकट्या. आमच्याकडे आहेत."

"मग आता तिथेच ठेवा तिला," ती म्हणाली, पण पट्टी हातातून गळून पडल्यासारखी.

"नाही ताई. संध्याकाळी त्या आपल्या घरी जाणार आहेत. तुमचा भाऊ सोडायला जाईल. उद्या सकाळी त्यांना धागा तोडायचा आहे, आणि त्याला गाठ मारायची आहे. आता तर त्याला तेवढंच काम आहे." आणि मग मला एकदम रडू आलं, म्हणून मी फोन ठेवला.

सोफ्यावर तो अजून सांगत होता. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले आणि त्याचं सगळं बोलून होईपर्यंत हात हलवत राहिले.